खिडक्या नवीन बसवल्या आणि शेजाऱ्याची सिगारेट आमच्या कपाटात आली

अकरावा_मजला
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमची बिल्डिंग १४ मजली, आम्ही ११व्यावर, दोन बेडरूमचा साधारण ७० चौरस मीटरचा फ्लॅट. थंडी सुरू व्हायच्या आधी सगळ्या खिडक्या बदलल्या, आधीच्या सरकत्या होत्या, वारा सुटला की नुसत्या खडखडायच्या, आता रबर गास्केटवाल्या दाबून बंद होणाऱ्या बसवल्यात. आवाज गेला, धूळ गेली, बायको खूश, मी खूश. आणि पंधरा दिवसांत हे सुरू झालं, रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास बेडरूममध्ये सिगारेटचा वास. आमच्या घरात कुणी ओढत नाही. बाजूचे ओढत नाहीत, वरचे नाहीत (जाऊन विचारलं, जरा अवघडच झालं ते). सगळ्यात जास्त वास येतो तो कपाटात, म्हणजे भिंतीतल्या वॉर्डरोबचं दार उघडलं की भस्सकन, अक्षरशः शर्टांना वास लागलाय.

शिवाय सकाळी उठलं की डोकं जड, नव्या काचेवर आतून पाणी. म्हणून बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालू ठेवायला लागलो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मीटर आणून उशाशी ठेवला तर पहाटे २३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २३०० भाग) दाखवतोय, दार बंद करून दोघं झोपतो.

खिडक्या बदलून चूक केली का? आणि कपाटातल्या फटी शोधून बुजवायच्या म्हटलं तर अजूनच गुदमरणार नाही का?

निवांत_बसलोय
चूक केलीत असं मी तरी म्हणेन, राग मानू नका. घराला श्वास लागतो हो. जुन्या घरांमध्ये चारी बाजूंनी फटी असायच्या, कुणाला सीओटू मीटर लागत नव्हता. आता आधी हवाबंद डबा करायचा आणि मग त्यात हवा भरायला मशीन विकत घ्यायचं, हा उलटा कारभार आहे. खिडकी चार बोटं उघडी ठेवा, विषय संपला.

शून्यपास्कल
निवांतराव, उपाय अर्धा बरोबर सांगितलात पण कारण चुकलं. मी इमारतींची हवागळती मोजायचं काम करतो त्यामुळे हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.

फटींमधून घर "श्वास घेतं" हे खरं, पण तो श्वास कुठून घेतो हे फट ठरवत नाही, दाबातला फरक ठरवतो. स्वतंत्र बंगला असेल तर फटीपलीकडे बाहेरची हवा असते. फ्लॅटच्या सहा बाजूंपैकी एक किंवा दोनच बाहेरच्या असतात, बाकी सगळीकडे शेजारी, पॅसेज नाहीतर शाफ्ट (पाइप-वायरींसाठीचा उभा बोगदा). तेव्हा शेजाऱ्याच्या बाजूच्या फटीतून घर जो श्वास घेतं तो आधी शेजाऱ्याने सोडलेला असतो.

आता तुमचं काय झालं बघा. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, जेवढी फेकली तेवढी कुठूनतरी आत येणारच, त्याला पर्याय नाही. आधी ती बहुतेक खडखडणाऱ्या खिडक्यांतून येत होती. ती वाट तुम्ही बंद केलीत. मग फॅनने उरलेल्या वाटा पकडल्या, मेन डोअरखालची फट, सिंकखालची पाइपांची भोकं, आणि कपाटामागे जे काही असेल ते. कपाटातलं भोक खिडक्यांनी पाडलेलं नाही, ते बिल्डिंग बांधल्यापासून तिथेच आहे, फक्त आधी त्यातून थोडी हवा यायची आणि त्यात भरपूर बाहेरची हवा मिसळून वास विरून जायचा. आता त्यातून येणारा वाटा वाढला आणि विरवणारी हवा कमी झाली. दोन्ही एकदम. आणि तुम्ही फॅन रात्रभर चालू ठेवलात म्हणजे वास ओढायचा पंपच लावलात, कारण मेकअप हवेला (बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी आत येणाऱ्या हवेला) दुसरी वाटच ठेवली नाहीत.

थंडीचा पण हात आहे यात. आत २२ अंश, बाहेर ६ असेल तर आतली हवा हलकी, ती जिने, लिफ्टची विहीर, शाफ्ट यातून वर चढते. ढोबळ हिशोब असा की दर मीटर उंचीला आणि दर अंश फरकाला ०.०४ पास्कलच्या (पास्कल म्हणजे दाब मोजायचं एकक) जरासा वर. १४ मजले म्हणजे ४२ मीटर धरा, १६ अंश फरक, तळापासून गच्चीपर्यंत मिळून २९ पास्कलच्या आसपास. खालच्या मजल्यांवर बाहेरून हवा आत शिरते, वरच्या मजल्यांवर बाहेर पडते, मध्ये कुठेतरी एक मजला ना इकडचा ना तिकडचा. तुम्ही ११व्यावर म्हणजे वरच्या गटात, तुमच्याकडे येणारी हवा खालच्या मजल्यांची उष्टी. म्हणून वरच्यांना आणि बाजूच्यांना विचारून उपयोग नाही, ओढणारा चौथ्या मजल्यावरही असू शकतो. कडक उन्हाळ्यात आत एसी असेल तर हाच खेळ उलटा, हवा वरून खाली.

तुमच्या मीटरवरून एक गंमत काढता येते. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर सीओटू सोडतो, दोघांचे २६. बाहेर ४२० च्या आसपास असतं, तुमच्याकडे २३००, फरक १९०० पीपीएम. भागाकार केला तर तुमच्या बेडरूमला सेकंदाला ४ लिटरपेक्षा कमी ताजी हवा मिळतेय. दोघांसाठी १५ मिळाली तर आकडा ९०० च्या आसपास राहील. अमेरिकेतलं अ‍ॅश्रे ६२.२ हे तिथल्या इंजिनियरांच्या संस्थेचं खेळत्या हवेचं स्टँडर्ड अख्ख्या घरासाठी किती हवा लागते ते असं मोजतं, चौरस मीटरला ०.१५ लिटर अधिक (बेडरूम + १) गुणिले ३.५. तुमच्यासाठी १०.५ अधिक १०.५, म्हणजे २१ लिटर दर सेकंदाला, सतत.

तर उत्तर: खिडक्या बदलल्या हे बरोबर केलंत, पण काम अर्ध्यावर सोडलंत. शेजाऱ्यांकडची बाजू बुजवायची आणि बाहेरच्या बाजूला मुद्दाम, मोजून एक वाट ठेवायची. आधी तीन गोष्टी करून सांगा. एक, मेन डोअर बोटभर उघडून फटीपाशी उदबत्ती धरा, फॅन बंद असताना आणि चालू असताना, धूर आत येतो की बाहेर जातो. दोन, तेच कपाटात, कपडे सगळे बाहेर काढून. तीन, फॅन खरंच किती ओढतो ते बघा, त्याला मीटर नको, ६० लिटरची कचऱ्याची पिशवी घ्या, तोंडाला पुठ्ठ्याची चौकट चिकटवा, पिशवी हवेने भरून फॅनच्या जाळीवर दाबून धरा आणि रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा.

निवांत_बसलोय
कचऱ्याची पिशवी 😄 बरं, उष्ट्या हवेचा मुद्दा पटला. पण मग खिडकी उघडी ठेवण्यात वाईट काय?

शून्यपास्कल
वाईट काहीच नाही, आज रात्री तेच करा म्हणेन मी. फक्त खिडकी उघडी म्हणजे वाऱ्याच्या मर्जीवर, कधी सेकंदाला १० लिटर कधी १००, आणि रस्त्यावरचा आवाज नको म्हणूनच त्यांनी खिडक्या बदलल्यात ना. थंडी वाजली की चौथ्या दिवशी माणूस उठून बंद करतो, मग परत तेच.

माजी_सेक्रेटरी
पाच वर्षं कमिटीत होतो, आता सुटलो. एक प्रश्न विचारतो, तुमच्या पॅसेजमध्ये छताजवळ जाळी आहे का, आणि त्यातून हवा येते का? अनेक उंच बिल्डिंगमध्ये डिझाइनच असं असतं की गच्चीवरचं मोठं युनिट पॅसेजमध्ये ताजी हवा सोडतं, पॅसेजमध्ये दाब थोडा जास्त राहतो आणि मेन डोअरखालच्या फटीतून ती हवा प्रत्येक घरात जाते. म्हणजे दाराखालची ती फट सुताराची चूक नसून घराचा अधिकृत हवेचा दरवाजा असतो! हे मला कमिटीत दोन वर्षं झाल्यावर कळलं, आणि तोवर आम्ही काय केलं होतं सांगू? वीजबिल बघून गच्चीवरचं युनिट रात्री १० ते ६ टायमरवर बंद केलं होतं. आणि लोकांनी पॅसेजमधला आवाज येतो, उजेड येतो म्हणून दाराखाली ब्रशच्या पट्ट्या लावल्या होत्या. दोन्हीकडून गळा दाबला. मग प्रत्येक मीटिंगला वासाच्या तक्रारी, हा त्याच्यावर, तो ह्याच्यावर, एका सभासदाने तर दुसऱ्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. दोष कुणाचाच नव्हता, टायमर मी लावला होता.

शून्यपास्कल
माजी साहेब, मोठ्या मनाने कबूल केलंत. पण टायमर नसता तरी ती पद्धत मुळात लंगडीच आहे. कॅनडात व्हँकुव्हरला एका १३ मजली रहिवासी इमारतीत ट्रेसर वायू (हवा कुठे जाते ते शोधायला मिसळलेला खुणेचा वायू) सोडून हे मोजलं होतं, गच्चीवरून निघालेल्या हवेतली साधारण ४० टक्केच पॅसेजपर्यंत पोचत होती, आणि घरांसाठी ठरवलेल्या हवेपैकी जेमतेम ८ टक्के थेट घरात. बाकीची डक्टच्या सांध्यांतून, लिफ्टच्या विहिरीतून, जिन्यातून फरार. वरच्या मजल्यांना खालच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त हवा मिळत होती. दाराखालची १० मिलिमीटर उंच ९०० मिलिमीटर रुंद फट १० पास्कलला सेकंदाला २० लिटरच्या वर हवा देते, म्हणजे कागदावर एका घराला पुरेशी, पण ते १० पास्कल सतत टिकतात कुठे? थंडीत एक, वाऱ्यात दुसरं, कुणी लिफ्ट वापरली की तिसरं. म्हणून हल्ली प्रत्येक फ्लॅटला स्वतःचं युनिट द्यायची पद्धत आलीय, बाहेरची हवा आत, आतली बाहेर, दोन्ही सारख्या मापाने, मध्ये उष्णता वाचवणारा कोअर. त्यात दाब कुणावरच पडत नाही.

खिडकीतली_मांजर
वासाचा अजून एक दरवाजा असतो तो कुणी बोलत नाही, बाथरूमची फ्लोअर ट्रॅप, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालचा पाणी साठून वास अडवणारा भाग. त्यात ५० मिलिमीटर पाणी हवं असतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये महिना महिना पाणी सांडत नाही, ट्रॅप सुकते, आणि मग एक्झॉस्ट लावला की अख्ख्या स्टॅकची (सगळ्या मजल्यांच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपाची) हवा त्या जाळीतून घरात. आम्ही चार महिने कार्पेट धूत होतो. शेवटी एक तांब्या पाणी ओतलं 🙄

अकरावा_मजला
बापरे, एका दिवसात एवढं. सगळं करून बघितलं, सांगतो.

मेन डोअर: फॅन बंद असताना धूर हळूच आत येतो, फॅन लावला की सरळ आडवा होऊन आत. पॅसेजमध्ये जाळी आहे, टिश्यू धरला तर हलतही नाही. दाराखाली पट्टी आमच्याच घरी आहे, मीच लावली होती, माजी साहेब हसू नका.

कपाट: सगळे कपडे काढले, मागच्या प्लायला खालच्या कोपऱ्यात सुताराने चौकोनी कट मारलाय, टेलिफोनच्या जुन्या वायरसाठी असावा. टॉर्च मारली तर मागे भिंतीत माझा अंगठा आरामात जाईल असा पाइप आणि त्याच्या भोवती बिनप्लास्टरचं भोक, आत काळोख. उदबत्ती लांब धरली तरी धूर माझ्या तोंडावर. त्या भोकाच्या कडेला काळपट पिवळी कड आलीय, चौदा मजल्यांची धूळ जाताना तिथे गाळली गेली असणार.

पिशवी: बायकोने व्हिडिओ काढलाय, तो टाकणार नाही. ६० लिटरला ७ सेकंद. फॅनच्या डब्यावर सेकंदाला २५ लिटर लिहिलंय! आणि अजून एक, सकाळी फॅन बंद असताना जाळीपाशी धूर धरला तर तो खाली, बाथरूममध्ये येत होता. हे कसं काय?

शून्यपास्कल
७ सेकंद म्हणजे सेकंदाला ८.५ लिटर. डब्यावरचा आकडा डक्ट न जोडता मोकळ्या हवेत मोजलेला असतो बहुतेक वेळा, त्यात मागे वाकडातिकडा फ्लेक्स पाइप, दोन वळणं आणि तोंडावर लोंबणारी धूळ आली की एवढंच उरतं. धूर उलटा येतो म्हणजे फॅनच्या मागची झडप, ती हलकी पाकळी असते, अडकलीय किंवा नाहीच. तुमचे सगळे बाथरूम एकाच शाफ्टला जोडलेत वाटतं, खालच्याने फॅन लावला की त्याची हवा तुमच्या बंद फॅनमधून तुमच्याकडे. म्हणजे कपाट आणि बाथरूम, दोन वाटा मिळाल्या.

क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केलात तर वास वाढेल. आधी बाहेरची वाट उघडा, खिडकीच्या चौकटीत बसणारा ट्रिकल व्हेंट मिळतो, झडपवाली बारीक फट. ४० चौरस सेंटीमीटरची असेल तर १० पास्कलला सेकंदाला १० लिटरच्या आसपास देते, दोन्ही बेडरूमला एकेक. बेडरूमचं दार खालून १० मिलिमीटर तरी उचललेलं हवं, नाहीतर हवा बेडरूममधून बाथरूमपर्यंत जाणार कशी. मग फॅन उतरवून धुवा, झडप बघा, फ्लेक्स ताणून सरळ करा. आणि शेवटी कपाटातलं भोक.

ते भोक साध्या पीयू फोमने भरू नका!! दिसायला गच्च दिसतो पण शाफ्टच्या भिंतीतलं भोक म्हणजे आगीचा आणि धुराचा रस्ता, तिथे अग्निरोधक सीलंट आणि मागे मिनरल वूल, दुकानात फायरस्टॉप म्हणून मागा. स्विचबोर्डच्या डब्यामागे, सिंकखाली, वॉशिंग मशीनच्या पाइपाभोवती पण असंच सापडेल, भोक दिसायला अंगठ्याएवढं असतं पण अशी पंधरा झाली की त्यांची एक छोटी खिडकी होते. आणि बोनस म्हणून शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू यायचा कमी होईल, जिथून हवा येते तिथूनच आवाज येतो.

निळी_ज्योत
मध्येच येतोय पण हे कुणी बोललं नाही म्हणून. घरात गॅस गीझर आहे का, विशेषतः ज्याचा धूर नुसत्या नळीतून आपोआप वर जातो तसला? असेल तर घर टाइट करून एक्झॉस्ट जोरात लावू नका. आत ५-६ पास्कल जरी दाब कमी झाला तरी नळीतला धूर उलटा घरात येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिगारेटचा वास तरी सांगतो मी आलोय म्हणून. स्वयंपाकघरातली चिमणी तर सेकंदाला दीडशे-दोनशे लिटर ओढते, बाथरूमचा फॅन तिच्यापुढे काहीच नाही. सीलबंद ज्वलनाचा किंवा इलेक्ट्रिक गीझर असेल तर चिंता नाही. सीओ अलार्म तसाही लावाच.

अकरावा_मजला
इलेक्ट्रिक आहे, हुश्श. पण चिमणीचं बरं आठवलंत, ती लावली की मेन डोअर उघडताना जड लागतं, मला वाटायचं बिजागरी खराब झालीय.

शून्यपास्कल
तेच ते. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडायचीच, यात शॉर्टकट नाही.

डबा_आवडतो
मला एक कळत नाही, आमच्या बिल्डरने सांगितलंय की आख्खी बिल्डिंग ब्लोअर डोअर टेस्ट (दारात पंखा लावून हवागळती मोजतात ती) पास आहे, पॅसिव्ह हाउस या कमी ऊर्जेच्या घरांच्या मानकाच्या ०.६ च्या आत, म्हणजे टेस्टच्या दाबाला आतली हवा तासाला ०.६ वेळापेक्षा जास्त बदलत नाही. तरी आमच्याकडे शेजारच्या तळणाचे वास येतात. टेस्ट खोटी का?

शून्यपास्कल
टेस्ट खरी असेल, पण तिने विचारलेला प्रश्न वेगळा. अख्खी बिल्डिंग तपासताना सगळ्या फ्लॅटची दारं उघडी ठेवतात आणि ५० पास्कलचा दाब लावतात (ताशी ३३ किलोमीटरचा वारा भिंतीवर थेट आपटला तर एवढा होतो साधारण). सगळीकडे आत एकच दाब, मग दोन घरांमधल्या भोकातून हवा वाहायला कारणच नाही, ते भोक टेस्टला दिसतच नाही. बाहेरचं कवच उत्तम आणि आतल्या भिंती चाळणी, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. एकेका फ्लॅटची वेगळी टेस्ट करावी लागते, अ‍ॅश्रे ६२.२ मध्ये २०१६ पासून त्याची मर्यादाच आहे, फ्लॅटच्या सहाही बाजूंच्या दर चौरस मीटरला ५० पास्कलवर १.५ लिटर. शेजाऱ्यांकडून नेमकं किती येतं हे वेगळं काढायचं असेल तर शेजारच्या घरांतही पंखे लावून तिथे तेवढाच दाब ठेवतात आणि फरक बघतात. खटाटोप मोठा, पाच घरांच्या चाव्या एका वेळी मिळवणं हे त्यातलं सगळ्यात कठीण काम.

माजी_सेक्रेटरी
चाव्यांचं एकदम खरं 😂

अकरावा_मजला
अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

दोन्ही बेडरूमला व्हेंट बसवले. फॅन उतरवला तर झडपेवर रंगाचा थेंब पडून ती अर्धी उघडी चिकटली होती, रंगाऱ्याची कृपा, ब्लेडने सोडवली. फ्लेक्स पाइप छतावर गुंडाळून ठेवला होता, मीटरभर जास्तीचा, कापून सरळ केला. पिशवी आता ४ सेकंदात रिकामी, म्हणजे १५ लिटर. २१ नाही, माहितेय. दुसऱ्या बाथरूमचा फॅन पुढच्या महिन्यात. कपाटातलं भोक फायरस्टॉपने भरलं, स्विचबोर्डमागे अजून चार सापडली. दाराखालची पट्टी काढली नाही अजून, आधी पॅसेजमध्ये हवा येऊ दे मग काढतो. कमिटीला पत्र दिलंय, त्यावर उत्तर आलं की युनिट "सुरू आहे". सुरू असेल गच्चीवर.

पहाटेचा सीओटू ११०० च्या खाली आलाय, काच कोरडी. व्हेंटजवळ झोपायचं कुणी यावरून भांडण, तिथे पायाला गार लागतं.

वास? कपाटात नाही. पण परवा चिमणी लावली, खिडकी उघडायला विसरलो, आणि मेन डोअरपाशी परत तोच ब्रँड.

खिडकीतली_मांजर
आता वासावरून ब्रँड ओळखायला लागलात म्हणजे ओढणारा सापडायला वेळ लागणार नाही.

अकरावा_मजला
सापडलाय. सहावा मजला. लिफ्टमध्ये भेटला, खूप साधा माणूस निघाला, म्हणाला मी तर खिडकीत उभा राहून बाहेर धूर सोडतो. काही बोललो नाही मी. त्याला पण नवीन खिडक्या बसवायच्यात म्हणे, कुणाकडून बसवल्या विचारत होता.

शून्यपास्कल
बसवायच्या आधी या धाग्याची लिंक द्या त्याला. आणि त्याच्या बाथरूमची झडप बघा म्हणावं.